रांगेच्या नावावर

सोमवारपासून शनिवारपर्यंत कारखान्यातली एकूण एक स्प्रिंग आबांनी वळली होती. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, हा त्यातला किरकोळ तपशील.

झालं होतं असं. आबांच्या नातीने, छोटीने, लेथच्या रांगेत प्रत्येक यंत्राशेजारी एकेक स्क्रीन बसवली, तेव्हा प्रत्येक कारागिराला स्वतःचा क्रमांक दिला. सकाळी आल्यावर तो दाबायचा, मग दिवसभराचा माल त्याच्या नावावर चढत जायचा. क्रमांक एक आबांचा होता. कारखाना त्यांनी काढलेला, पहिली स्प्रिंगही त्यांनीच वळलेली, त्यामुळे त्यांचं नाव पुसायला कुणाचा हात धजावला नव्हता. रांगेने नेमकं तेवढंच हेरलं. सोमवारी सकाळी मिस्त्रीने एक दाबला, शेजारच्याने एक दाबला, आणि बघता बघता सगळी रांग आबा होऊन बसली. कुणी काम थांबवलं नाही, कुणी आवाज चढवला नाही, स्क्रीनवर कुणी साधा ओरखडाही काढला नाही. माल नेहमीसारखा चोख आणि वेळेवर. फक्त तो केला कुणी असं विचारलं, की स्क्रीन म्हणायची, आबांनी.

छोटीला हे पहिल्याच दिवशी कळलं आणि ती गप्प बसली. तिच्या काकांना, म्हणजे धाकट्यांना, ते शनिवारी कळलं आणि ते गप्प बसणाऱ्यातले नव्हते. त्यांनी थोरल्या भावाला फोन करून सांगितलं, की मिस्त्रीला सोमवारी फाटकातून आत घ्यायचं नाही. थोरले म्हणाले, रविवारी कँटीनमध्ये बसू.

कारखान्याचं भांडण घरात आणायचं नाही, असा आबांचा दंडक होता. सुट्टीच्या दिवशी, यंत्रं बंद असताना, कँटीनच्या लांब टेबलाशी बसायचं, आपापला डबा आपण आणायचा आणि निकाल लागल्याशिवाय उठायचं नाही. या टेबलावर वाटण्या होता होता राहिल्या होत्या, एक लग्न जमलं होतं आणि एक मोडलंही होतं. टेबलावरचा पत्रा आता कडेने काळा पडला होता आणि बेसिनचा नळ ज्याने त्याने दुरुस्त करूनही ठिबकतच होता. काचेपलीकडे लेथ ओळीने उभे होते. चालू असताना त्यांच्या आवाजात माणसाला आपलं बोलणं ऐकू येत नसे; बंद असताना ते आपलं बोलणं ऐकत असल्यासारखे वाटत.

थोरले टेबलाच्या टोकाला बसले होते. ऐन उमेदीतली वर्षं त्या लेथच्या आवाजात गेल्यामुळे त्यांचे कान गेले होते आणि आता कानात यंत्र होतं. बोलणं फार वाढलं की ते यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवत. घरात हा शेवटचा निकाल समजला जाई.

त्यांच्या उजव्या हाताला धाकटे आणि धाकट्यांच्या शेजारी काकू. काकू कारखान्याचा पॅकिंगचा विभाग सांभाळत आणि घरी धाकट्यांना सांभाळत. दुसरं काम जास्त अवघड, असं त्या स्वतःच म्हणत. समोर थोरल्यांची मुलगी, छोटी. तिशी ओलांडलेली, इंजिनीअर झालेली, दोन मोठ्या कारखान्यांतली नोकरी सोडून परत आलेली, तरी घरात छोटी ती छोटीच. आणि बाकाच्या अगदी काठावर, इस्त्रीचा शर्ट घालून, मिस्त्री. बोलावलं फक्त त्याला होतं. पण तो एकटा आला नव्हता. त्याच्याबरोबर मामा आले होते.

मामा म्हणजे काकूंचे थोरले भाऊ. काकूंचं या घरात लग्न व्हायच्या आधीपासून ते या कारखान्यात लेथवर होते. किंबहुना ते होते म्हणूनच ते लग्न झालं. मालकाचे मेहुणे झाल्यावरही त्यांनी लेथ सोडला नाही, की डबा खायची जागा बदलली नाही. कारखान्यात सगळे त्यांना मामाच म्हणत, अगदी त्यांच्याहून वयाने मोठा असलेला पहारेकरीसुद्धा.

“मामांना कशाला त्रास दिलात?” धाकट्यांनी मिस्त्रीला विचारलं.

“ते स्वतःहून आले,” मिस्त्री म्हणाला.

धाकट्यांनी मग जास्त वेळ घालवला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आणि खरं सांगायचं तर खोटंही नव्हतं. लिफ्टचे ब्रेक बनवणारी कंपनी आता त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होती. त्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या प्रत्येक स्प्रिंगचा इतिहास कंपनीला हवा होता. तार कुठली, यंत्र कुठलं, भट्टी किती तापली होती, तपासली कुणी. महिनाअखेर त्यांची माणसं बघायला येणार होती. त्यांना काय दाखवायचं? हा सगळा माल आमच्या वडिलांनी वर जाऊन केला म्हणून सांगायचं?

थोरल्यांच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी तो रुमालाने पुसून घेतला.

धाकट्यांना मोजायची सवय होती. जिने चढताना पायऱ्या मोजत, जेवताना वाढणाऱ्याच्या फेऱ्या मोजत. लोक हसत, पण मागे कारखाना बुडायला आला होता, तेव्हा याच सवयीने तो वाचवला होता. प्रत्येक तारेचं भेंडोळं, प्रत्येक खोकं त्यांनी स्वतः उभं राहून मोजलं होतं आणि गळती शोधून काढली होती. त्यामुळे छोटीच्या स्क्रीन आल्या, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला होता. जन्मभर जे डोक्यात धरून ठेवलं, ते आता भिंतीवर दिसणार होतं. आणि नेमकं तेच या माणसांनी हसण्यावारी नेलं, हे त्यांना लागलं होतं. रागापेक्षा लागलंच जास्त होतं.

“मिस्त्री, तुम्ही रांगेचे म्होरके,” ते म्हणाले. “तुम्ही दाबला म्हणून बाकीच्यांनी दाबला. खरं की नाही?”

“खरं.”

“का?”

मिस्त्री पत्र्याकडे बघत राहिला. मालात खोट निघाली असेल तर दाखवा, एवढंच तो म्हणाला. धाकट्यांनी तीनतीनदा विचारलं, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं, तरी त्याने एवढंच उत्तर दिलं. स्क्रीन नको का? असू दे की. शिकायला अवघड जातं का? नाही, पोरंसुद्धा खेळतात तसली. नोकऱ्या जातील अशी भीती आहे का? ताईंनी सांगितलंय जाणार नाहीत म्हणून, ताई खोटं बोलत नाहीत. मग अडतंय कुठे? मालात खोट निघाली असेल तर दाखवा.

अडतंय कुठे हे छोटीला ठाऊक होतं. ती समोर बसून नखाने पत्र्यावरचा डाग खरवडत होती.

स्क्रीन लावल्या तेव्हा तिला वाटलं होतं, लोक बिचकतील. म्हणून तिने सगळी तयारी केली होती. दुपारच्या सुट्टीत एकेकाला शेजारी बसवून शिकवलं, आधीच्या कारखान्यांतले किस्से सांगितले, कुणाचीही नोकरी जाणार नाही असं लिहून लावलं. लोकांनी सगळं मन लावून ऐकलं, तिचं कौतुकही केलं. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की मामांचा लेथ दुपारनंतर उभाच असतो आणि तरी त्यांच्या ट्रेमधला माल वाढत जातो. ती खांबाआड उभी राहिली. मिस्त्रीने आपली स्प्रिंग वळली, मोजून बघितली आणि घाम पुसावा इतक्या सहज शेजारच्या मामांच्या ट्रेमध्ये टाकली. मान वळवली नाही, बोलला नाही. थोड्या वेळाने पलीकडच्याने तेच केलं. मग त्याच्या पलीकडच्याने.

रांगेत याला हात देणं म्हणत. कुणाला ताप असेल, कुणाच्या घरी कुणी गेलं असेल, कुणाचं तान्हं रात्रभर रडलं असेल, तर त्या दिवशी रांग त्याला हात द्यायची. ज्याला दिला त्याने आभार मानायचे नाहीत आणि ज्याने दिला त्याने कधी बोलून दाखवायचं नाही. एखाद्या दिवसापुरती असायची ती गोष्ट. मामांचा तो दिवस मात्र संपायलाच तयार नव्हता. लेथवर तार चढताना तिचा ताण हाताने सांभाळावा लागतो. हात जरा हलला, की वेढ्यांमधलं अंतर चुकतं. आणि मामांचे हात आता हलत होते.

त्या दिवशी खांबाआड उभं राहून छोटीला आपलीच लाज वाटली होती. आपण इतके दिवस भीती घालवायला निघालो होतो आणि समोर भीती नव्हतीच. माया होती, आणि आपण बरोबर तिच्यावर दिवा लावला होता. कुणी किती वळल्या हे स्क्रीनवर दिसलं, की मामांचा रिकामा दिवसही दिसणार होता.

आता ती हे सांगून टाकू शकत होती. एका वाक्यात मिस्त्री सुटला असता. आणि त्याच वाक्यात मामा अडकले असते.

“काका,” ती म्हणाली, “चूक माझी आहे. माणसाचं नाव कंपनीने मागितलेलंच नाही.”

धाकट्यांची मान झटकन वळली.

तिने समजावून सांगितलं. कंपनीला यंत्र हवं होतं, तार हवी होती, भट्टी हवी होती. माणसाचं नाव त्यांना एकाच ठिकाणी हवं होतं, शेवटच्या तपासणीला, कारण स्प्रिंग पास केली म्हणून तिथे कुणीतरी सही द्यायची असते. वळली कुणी, घासली कुणी, हा रकाना तिने स्वतःच्या हौसेने घातला होता. स्क्रीनमध्ये तशी सोय होती, आणि रिकामा ठेवला तर बरं दिसलं नसतं. आता तो रकाना बंद करून नुसतं रांगेचं नाव लावलं तर कंपनीची काही हरकत नाही, तिने विचारून घेतलंय.

“हौस म्हणे,” धाकटे म्हणाले. “तोच एक कामाचा रकाना आहे त्यात.” आणि मग त्यांनी ते केलं ज्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्यांनी बेरीज केली. शिकायला अवघड नाही, नोकरीची भीती नाही, मालात खोट नाही, फक्त नाव नको. “नाव नको म्हणणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं. मिस्त्री, रांगेत कुणाला झाकताय?”

नळ ठिबकत होता. थोरले छताकडे बघायला लागले. छोटी डागाकडे. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना एकाच माणसाकडे बघायचं नव्हतं, आणि त्यामुळे नजरा ठेवायला जागा पुरेना. धाकट्यांनाच तेवढं उमगलं नाही. ते एकेका चेहऱ्याकडे बघत होते आणि मामांच्या चेहऱ्यावरून तर सर्रकन पुढे गेले, कारण मामांवर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

“मी चहा टाकते,” असं म्हणून काकू उठल्या.

शेगडीशी उभ्या राहून त्यांनी भावाकडे बघितलं. मामांनी दोन्ही हात टेबलाखाली ठेवले होते. लहानपणी याच हातांनी त्यांनी बहिणीला वेण्या घातल्या होत्या. आई अंथरुणाला खिळली होती आणि वडिलांना ते जमत नव्हतं. शाळेत मुली विचारायच्या, इतक्या सरळ वेण्या कोण घालतं गं. तो हात गेल्या वर्षापासून थरथरतोय, हे काकूंना पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्या मोरीत जाऊन रडल्या होत्या आणि बाहेर येऊन डोळ्यांत साबण गेला म्हणाल्या होत्या. नवऱ्याने विश्वास ठेवला. चांगला माणूस, पण त्याला जे आकड्यात दिसत नाही, ते दाखवून द्यावं लागतं.

त्यांनी चहा सगळ्यांपुढे ठेवला. नंतर त्या आपल्या जागी परत गेल्या नाहीत. टेबलाला वळसा घालून त्या पलीकडच्या बाकावर, मामा आणि मिस्त्री यांच्यामध्ये जाऊन बसल्या. संसार सुरू झाल्यापासून या टेबलाशी त्या नवऱ्याच्या समोर कधी बसल्या नव्हत्या. धाकट्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, मग समोर. काहीतरी आपल्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे, एवढं आता त्यांना कळलं. आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ते आणखी ताठ झाले.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “नाव सांगत नाही ना? मग उद्यापासून मिस्त्री येणार नाही. हे माझ्यापुरतं पक्कं.”

थोरल्यांचा हात कानाकडे गेला. पण त्याआधी मामांनी आपले हात टेबलावर आणले. त्यांनी समोरचा चहाचा कप उचलला, एका हाताने, सगळ्यांसमोर. कप बशीवर वाजला, वर आला, चहा बोटांवर सांडला, मनगटावरून बाहीत गेला. त्यांनी तो तसाच तोंडापर्यंत नेला, एक घोट घेतला आणि तसाच सांडत खाली ठेवला.

“मला झाकतात, दाजी,” ते म्हणाले.

धाकटे कपाकडे बघत राहिले. मग त्यांनी बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? काकूंनी होकाराची मान हलवली. छोटीला विचारलं, तिनेही हलवली. शेवटी थोरल्या भावाकडे बघितलं, आणि थोरल्यांनी आधी डोळे मिटले, मग मान हलवली.

“मला का नाही सांगितलं कुणी?” धाकट्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “माझे मेहुणे आहेत ते. मी काय त्यांना रस्त्यावर काढलं असतं?”

“नसतं काढलं,” काकू म्हणाल्या. “पण तुम्ही मोजायला लागला असता. सकाळी किती झाल्या, दुपारी किती झाल्या. बोलला नसता एक अक्षर. नुसतं मोजलं असतं, आणि दादाला ते कळलं असतं.”

ते खरं होतं, आणि बायकोने ते भांडणाच्या सुरात म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. तिने ते प्रेमाने म्हटलं होतं, त्यामुळे त्यातून सुटायला वाट नव्हती.

तरी ते धाकटे होते. घसा साफ करून ते म्हणाले, की माया वगैरे सगळं कबूल, पण ब्रेक आहे तो. लिफ्टमध्ये माणसं उभी असतात, त्यांना आपल्या रांगेची माया माहीत नसते. त्यांच्या जिवाचं काय?

छोटीला वाटलं मामा दुखावतील. पण मामांनी मान डोलावली. “बरोबर बोलताय. मी असतो तर हेच विचारलं असतं. दाजी, हात हलायला लागल्यापासून माझ्या हातची एक स्प्रिंग बाहेर गेलेली नाही. सकाळी वळतो त्या मीच मोजतो आणि मीच भंगारात टाकतो. एखादी चांगली आली तरी टाकतो. उगाच शंका नको.” मग ते जरा हसले. “आणि आता पुरे झालं हे. मिस्त्री कामावर राहू दे. मी काम थांबवतो.”

“मामा थांबले तर मी पण थांबतो,” मिस्त्री म्हणाला. इतक्या वेळात त्याने मालाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल काढलेला हा पहिला शब्द होता.

म्हणजे पुन्हा सगळं होतं तिथेच आलं. डबे कुणी उघडले नव्हते. थोरल्यांनी यंत्र खिशात ठेवलं नव्हतं, याचा अर्थ त्यांना अजून काहीतरी ऐकायचं होतं. ते काय, हे बहुधा त्यांनाही माहीत नसावं.

मामाच बोलले. त्यांनी छोटीला विचारलं, ते तपासणीचं नवं मशीन आलंय, भट्टीपाशी झाकून ठेवलंय, त्यावर कोण बसणार? छोटी म्हणाली, रांगेतला कुणी तयार नाही, बाहेरून माणूस आणावा लागेल. तयार कोण होणार होतं? त्या जागेवर बसायचं म्हणजे ज्यांच्याबरोबर डबा खायचा, त्यांचाच माल नापास करायचा, आणि खाली स्वतःचं नाव टाकायचं.

“जुन्यावर काट्याचा स्क्रू बोटांनी फिरवावा लागायचा,” मामा म्हणाले. “केसाएवढा. यावर हात स्थिर लागतो का?”

छोटी उत्तर द्यायला तोंड उघडून तशीच थांबली. तिच्या चेहऱ्याकडे बघून काकूंनी भावाचा हात धरला.

“नाही लागत,” छोटी म्हणाली. “स्प्रिंग खोबणीत ठेवायची आणि पायाने दाबायचं. आकडा ते स्वतः घेतं. पास झाली तर हिरवा दिवा, नाही तर लाल. हाताचं त्याला काही कळत नाही.”

आपण आणलेल्या सगळ्या यंत्रांत हे एक असं निघालं, ज्याला या माणसाचा हात हलला काय आणि न हलला काय सारखंच, हे तिच्या आजवर डोक्यात आलं नव्हतं. ज्याच्यापासून मामांना वाचवायला सगळी रांग आबा झाली होती, त्याच सामानात मामांची जागा पडून होती, ताडपत्रीखाली.

पण धाकट्यांचं डोकं पुढच्या पायरीवर पोचलं होतं. आणि त्यांनी विचारलं ते मोठ्याने विचारायची छाती त्या टेबलाशी त्यांचीच होती.

“मामा, ज्यांनी तुम्हाला वर्षभर झाकलं, त्यांचा माल तुम्ही परत पाठवाल?”

मिस्त्री मामांकडे बघत होता. काकू बघत नव्हत्या. खरं तर दिवसभर सगळे याच प्रश्नाच्या आसपास फिरत होते. हात देणारी रांग आणि हात घेणारा माणूस यांच्यामध्ये एक लाल दिवा ठेवला, तर काय होतं?

“उद्या बघा,” मामा म्हणाले. “तुम्हालाही कळेल आणि मलाही.”

थोरल्यांनी दोन्ही तळवे पत्र्यावर टेकले. “नावाचा रकाना बंद,” ते म्हणाले. “माल रांगेच्या नावावर. तपासणीला मामांची सही.” आणि त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.

सोमवारी सकाळी धाकटे कचेरीत बसलेच नाहीत. ते खाली येऊन, छोटी जिथून बघायची त्याच खांबापाशी उभे राहिले. छोटी तिथे आधीच होती. चोरून सिनेमाला आलेल्या दोन माणसांनी एकमेकांना बघून न बघितल्यासारखं करावं, तसं झालं.

लेथ सुरू झाले. स्क्रीनवर आता आबा नव्हते, कुणाचंच नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, रांग. भट्टीपाशी मामा उंच स्टुलावर बसले होते. पहिली स्प्रिंग खोबणीत बसवायला त्यांना वेळ लागला. ती एकदा कडेला आदळली, एकदा घरंगळली, तिसऱ्या खेपेला बसली. मग त्यांनी पाय दाबला, दांडा खाली आला, स्प्रिंग आवळली गेली आणि हिरवा दिवा लागला. दुसरी. हिरवा. तिसरी. हिरवा. हळूहळू त्यांना लय सापडली. हात थरथरतच होता, पण आता तो थरथरत थरथरत कामाला लागला होता. धाकटे मोजायचं विसरले. हा माणूस वर्षभर रोज सकाळी इथे येत होता, स्वतःचं काम स्वतःच्या हाताने भंगारात टाकत होता, आणि घरी रविवारी जेवायला आला की पोरांना हसवत होता. आपण त्याच्या पानात किती पडलं तेवढं मोजत होतो.

सकाळ बरीच वर आली तेव्हा लाल लागला.

मामांनी ट्रेकडे बघितलं. मिस्त्रीचा ट्रे होता. तो आपल्या ट्रेला खडूने फुली मारतो, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी स्प्रिंग काढून पुन्हा ठेवली. पुन्हा लाल. मग त्यांनी ती जराशी फिरवून ठेवली. स्प्रिंग किंचित तिरकी बसली की आकडा थोडा वर चढतो, एवढं ते सकाळपासून शिकले होते. त्यांनी पाय दाबला. हिरवा लागला. काठावरचा, पण हिरवा.

छोटीला मशीनचा हा दोष माहीत नव्हता. मामांनी सही टाकली असती तर ती स्प्रिंग खोक्यात गेली असती, आणि कुणालाही, कधीही काही कळलं नसतं.

मामा त्या हिरव्या दिव्याकडे बघत बसले. मग त्यांनी स्प्रिंग उचलली, सरळ केली, नीट बसेपर्यंत पुन्हा पुन्हा ठेवली आणि पाय दाबला. लाल. त्यांनी सही टाकली. लालवर.

नापास मालाची पेटी त्यांच्या पायाशीच होती. त्यांनी तिच्यात स्प्रिंग टाकली नाही. ते स्टुलावरून उतरले आणि ती हातात घेऊन रांगेकडे चालत गेले. एकेक लेथ थांबत गेला, त्यांना वाट द्यायला थांबावा तसा. मिस्त्रीसमोर त्यांनी ती ठेवली. ठेवतानाही ती लोखंडावर वाजली.

“तिसरा वेढा बघ,” मामा म्हणाले.

मिस्त्रीने बघितला. मोजपट्टी लावून बघितला. मान खाली घालून बराच वेळ तो ती स्प्रिंग बोटांत फिरवत राहिला आणि धाकट्यांना वाटलं, मोडलं आता सगळं. आता ही रांग पुन्हा कधी एक होणार नाही.

मिस्त्रीने स्प्रिंग स्वतःच्या हाताने भंगारात टाकली. मग त्याने वर बघितलं आणि खांबाकडे हाक मारली. ती दोघं तिथे आहेत, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

“ताई, तो नावाचा रकाना पुसला का?”

“नाही,” छोटी म्हणाली. “बंद केलाय फक्त.”

“माझ्यापुरता उघडा. मामांनी माझी स्प्रिंग नापास केली, ती सगळ्या रांगेच्या नावावर का जाईल?”

छोटी पुढे झाली. तिने त्याच्या स्क्रीनवर रकाना उघडून दिला आणि मिस्त्रीने, तारेने चरे पडलेल्या जाड बोटाने, एकेक आकडा नीट बघत आपला क्रमांक दाबला. मामा भट्टीकडे परत निघाले होते. ते स्टुलापर्यंत पोचायच्या आत शेजारच्या लेथवरून आवाज आला, ताई, माझापण. मग त्याच्या पलीकडून.